येऊन राह्यली

गाडी डोळ्यांसमोर उभी असायची. प्रवासी उतरत असायचे, टपावरून बोचकी खाली येत असायची, ड्रायव्हर नळावर तोंड धूत असायचा. तरी आमचे कंट्रोलर साहेब वहीत 'आली' असं लिहायचे नाहीत. आधी खुर्चीतून उठायचे, कोपऱ्यातली काळी छत्री घ्यायचे, उन्हातून चालत गाडीपर्यंत जायचे आणि बॉनेटवर उजवा तळहात ठेवून उभे राहायचे. तळहाताला जे काही कळायचं ते कळलं की परत येऊन टाक उचलायचे. प्रत्येक गाडीला हेच.

सगळा डेपो या प्रकाराला हसायचा. "साहेब, ताप किती हाय तिले?" असं कुणीतरी लांबून ओरडायचं. एका नव्या ड्रायव्हरनं तर मे महिन्यात त्यांची फिरकीच घेतली. दोन दिवसांपासून बिघडून उभी असलेली गाडी दाखवून तो म्हणाला, "नेरची गाडी आली, साहेब." मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, बॉनेटवर भाकरी भाजली असती. साहेबांनी हात ठेवला, चटका बसला म्हणून उचलला, मग खाली वाकून चाकांकडे पाहिलं. टायरवरून मुंग्यांची रांग चालली होती. "हिला ताप आहे खरा," ते म्हणाले, "पण ही आलेली नाही." त्या दिवशी हसणारे ड्रायव्हरला हसले.

गफूरभाई नावाचे जुने ड्रायव्हर होते, ते मात्र कधीच हसत नसत. आणि मीही. साहेब असं का करतात हे अर्धं सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेलं अर्धं फक्त मला ठाऊक आहे, असा माझा समज होता. ते त्यांना सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं आणि रोज माझी जीभ टाळ्याला चिकटायची. अशी पाच वर्षं गेली.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी साहेब आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आले. ते साताऱ्याकडचे. तिकडून आमच्या डेपोत आलेले पहिलेच. डेपो म्हणजे काय, पत्र्याची चार शेडं, एक डिझेलचा पंप, एक विहीर आणि एका खोलीचं ऑफिस. पण आजूबाजूचा सगळा मुलूख त्या फाटकातून ये-जा करायचा. नेरच्या बाजाराला जाणारे कास्तकार, चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला निघालेल्या बायका, दवाखान्यात न्यायचा रोगी, खेड्यावरचे मास्तर, टपालाची थैली, नागपूरच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सगळं आमच्याच गाड्यांतून. पोरगी पाहायला येणारे दुपारच्या गाडीनं यायचे आणि कुणी गेल्याची बातमीही त्याच गाडीनं यायची. मुकुटबन तर इतकं लांब, की तिकडची गाडी दुपारी निघून संध्याकाळी पोहोचायची, रात्री तिथंच मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. तिला आम्ही मुक्कामी गाडी म्हणायचो.

अशा ठिकाणी साहेब आले ते पॉलिश केलेले बूट घालून आणि खिशात एक छोटी वही घेऊन. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे मथळा 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. आमच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द ते डावीकडे टिपायचे आणि उजवीकडे त्याची हजामत करायचे. आठवड्याभरात डेपोनं त्यांचं नाव 'व्याकरण' ठेवलं. फाटकावरचा पहारेकरी हळूच सांगायचा, "व्याकरन आलं, व्याकरन आलं," आणि सगळे गप्प व्हायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "क्रियापद सांभाळा." ड्रायव्हरला ड्यूटीवर पाठवतानासुद्धा हेच. "गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर जग बुडत नाही. क्रियापद सांभाळा."

मी तेव्हा नुकताच मॅट्रिक होऊन कारकून म्हणून लागलेलो. पहिल्याच दिवशी मी माठाजवळ उभा होतो. साहेबांनी विचारलं, "काय करता आहात?" मी म्हटलं, "पानी पिऊन राह्यलो, साहेब."

"पाणी. आणि राह्यलो नव्हे. पाण्यात राहायला तुम्ही काय मासा आहात? पाणी पितो आहे."

ऑफिसात पाच-सहा जण होते. सगळे हसले. मला ते हसणं फार लागलं. पुढे मी घरी आरशासमोर उभा राहून क्रियापदं घोकायला लागलो. जातो आहे, येतो आहे, खातो आहे. आई चुलीपासून विचारायची, "काहून रे, असा पाव्हन्यावानी बोलून राह्यला?" मी तिच्यावरही चिडायचो. साहेबांसमोर तर प्रत्येक शब्द तोंडातल्या तोंडात धुऊनच बाहेर काढायचो. हे मी आज सरळ मराठीत लिहितो आहे ना, ते त्या आरशाचं देणं आहे.

साहेबांना न घाबरणारा एकच माणूस होता, कंडक्टर दौलत. उंच, सडसडीत, आवाज असा की स्टँडवर 'कळंऽऽब' म्हटलं तर कळंबला ऐकू जावं. छपन्न साली दीक्षा घेतलेलं घर, घरात तो आणि त्याची आई, दोघंच. त्यांच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेला तो पहिला. खाकी शर्टाला अशी इस्त्री करायचा की आम्ही वरच्या जातीत जन्मल्याचा तोरा मिरवणारे त्याच्यापुढे चोळामोळा झालेले दिसायचो. मान खाली घालून बोलायचं नाही, हे त्यानं आधीच ठरवलेलं असावं.

एकदा मुक्कामी गाडीची ड्यूटी घेऊन तो दारात उभा राहिला. "साहेब, मुकुटबनले जाऊन राह्यलो."

"जातो आहे," साहेब वर न पाहता म्हणाले.

"नाही ना, साहेब. जातो म्हन्लं का मानूस गेलाच समजा. जाऊन राह्यलो म्हन्लं का अजून दिसून राह्यला."

साहेबांनी मान वर केली. मला वाटलं, आता याची खैर नाही. पण ते चक्क हसले. वही काढली आणि लिहिलं. मी नंतर चोरून पाहिलं. डावीकडे 'जाऊन राह्यलो' होतं, उजवीकडे नेहमीसारखी दुरुस्ती नव्हती. तिथं लिहिलं होतं, 'अजून दिसतो आहे.' म्हणजे राह्यलो, राह्यली याचा आमच्याकडचा अर्थ साहेबांना कळत नव्हता असं मुळीच नाही. तो त्यांना दौलतनं शिकवला होता.

पोळा होऊन गेला होता. चार दिवस पाऊस धरून होता. अशाच एका दुपारी मुक्कामी गाडी निघाली. ड्रायव्हर गफूरभाई, कंडक्टर दौलत, आत अकरा प्रवासी. संध्याकाळी सहाला मुकुटबनला फोन करून गाडी पोहोचली का ते विचारायचं, ही रोजची पद्धत. तिथल्या कापसाच्या जिनात फोन होता आणि तिथले मुनीम बिचारे आमचं हे काम फुकटात करायचे. गाडी पोहोचली नसेल तर लगेच वणीला कळवायचं, म्हणजे तिथून शोधायला ट्रक निघायचा. हे ड्रायव्हर-कंडक्टरांनाही पाठ होतं. वाटेत कुठं अडकलं तर बसून राहायचं, ट्रक येतो.

त्या संध्याकाळी फोन मी लावला. तारेत नुसती खरखर. मी ओरडलो, "गाडी आली का?" तिकडून मुनीम ओरडले, "येऊन राह्यली, येऊन राह्यली!" आणि फोन कटला.

आमच्या बोलीत याचा अर्थ एकच. अजून यायची आहे, वाटेत असेल.

साहेब गाड्यांची वही उघडून बसले होते. "काय म्हणाले?"

'राह्यली' माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. माठाजवळचं ते हसणं आठवलं असेल, का नुसती सवय झाली होती, देव जाणे. मी उच्चार सुधारला. अगदी स्वच्छ, साताऱ्याला शोभेल असा.

"येऊन राहिली, साहेब."

येऊन राहिली. म्हणजे आली आणि राहिली. मुक्कामाला राहिली. साताऱ्याच्या माणसाला, त्यातून मुक्कामी गाडीबद्दल, दुसरं काय कळणार? मला मात्र वाटलं, मी तेच सांगितलं, फक्त हातपाय धुऊन सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे क्षणभर पाहिलं. काहीतरी विचारतील असं वाटलं. पण काही न बोलता त्यांनी वहीत लिहिलं, वही मिटली, छत्री घेतली आणि ते खोलीवर गेले. मीही घरी गेलो. पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो, हेही सांगून टाकतो.

सकाळी दहाला वणीहून फोन आला. मुकुटबनच्या अलीकडच्या नाल्यात गाडी रुतली होती. पाणी चढत गेलं तसे सगळे टपावर चढले. पहाटे गावकऱ्यांनी दोर टाकून त्यांना बाहेर काढलं. अकराही प्रवासी वाचले, गफूरभाई वाचले. दौलत सापडत नव्हता.

तो तिसऱ्या दिवशी सापडला, खाली दोन मैलांवर, बाभळीत अडकलेला. गफूरभाईंनी डेपोत येऊन सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. "टपावर लेकरू होतं एक, थरथर कापून राह्यलं होतं. दौलत त्याच्या मायले म्हने, भिऊ नको बाई, आमचा टरक येऊनच राह्यला असन. अंधार पडेपावतर वाट पाह्यली आमी. टरक काही आला नाही. मंग म्हने, गफूरभाई, तुमी या लोकायले सांभाळा, गावातून मानसं आनाले मी जातो." गफूरभाई थांबले आणि पुन्हा म्हणाले, "जातो म्हने."

मी उठून वही उघडली. त्या संध्याकाळच्या रकान्यात साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मुक्कामी पोहोचली.'

चौकशीला वरून साहेब आले. आमच्या साहेबांनी उभं राहून, क्रियापदाची एकही चूक न करता जबाब दिला. "लेखनिकांनी बरोबर सांगितलं होतं. 'येऊन राह्यली' असंच ते म्हणाले. मी चुकीचं ऐकलं. जबाबदारी माझी आहे."

चौकशीचे साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही काय म्हणाला होता?"

"येऊन राह्यली," मी म्हणालो.

माठाजवळच्या त्या दिवसानंतर साहेबांच्या देखत तो शब्द मी पहिल्यांदाच बरोबर उच्चारला, आणि तेव्हाच तो खोटा होता. खोटारडा तर मी झालोच, भेकडही झालो. साहेबांची बढती गेली. साताऱ्याला बायकोमुलांत जायचा बदलीचा अर्ज होता, तोही परत आला. माझी नोकरी कायम झाली.

त्यानंतर साहेबांनी कुणाचंही बोलणं सुधारलं नाही. 'क्रियापद सांभाळा' हे वाक्य डेपोत पुन्हा ऐकू आलं नाही. लोकांना आधी बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. फोनवर ते एकच विचारायचे, "आली की येते? एकच सांगा." तेही दोनदा. आणि गाडी दारात आली की उठून बॉनेटवर हात ठेवायचे. आपल्या कानांवरचा विश्वास उडालाय म्हणून हात लावून पाहतात, असं लोक म्हणायचे. मी जवळच टेबलाशी बसलेलो असायचो. तुमचे कान चांगले आहेत साहेब, एवढंच मला सांगायचं होतं.

दौलतच्या आईकडे ते मलाच घेऊन गेले. मला वस्ती ठाऊक होती. कळंबच्या वाटेवर उतरून पाऊण कोस चालायचं. घर सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खुंटीला दौलतचा इस्त्रीचा एक शर्ट. म्हातारी खाली बसली होती. साहेबही जमिनीवर बसले. आधी त्यांनी पाणी मागितलं आणि लोटीभर पाणी प्यायले. मला विचारलं तेव्हा मी तहान नाही म्हणालो. उन्हातून चालत आलो होतो तरी.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली," साहेब म्हणाले. "त्यामुळे तुमचा मुलगा गेला. हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं म्हणून आलो."

म्हातारीनं रिकामी लोटी जवळ ओढून घेतली. मग म्हणाली, "आमची बोली तुमाले कशी कयन, साहेब? तुमी तिकडचे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "दौलत सांगे, साहेब माह्यं बोलनं वहीत लिवते म्हनून."

"हो," साहेब म्हणाले.

"मंग माह्यं बी लिवा. मले आता बोलाले कोनी नाही."

मी दारात उभा होतो. तोंड उघडायला याहून बरी वेळ मला पुढे कधीच मिळाली नाही. मी नुसता चपलेशी चाळा करत राहिलो.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी साहेब कळंबच्या गाडीत बसून तिच्याकडे जायचे. एक-दोन वेळा मी त्यांच्याबरोबर गेलो, मग कामं सांगून टाळायला लागलो. ती गोधडी शिवत, तूर निवडत बोलायची, ते लिहायचे. दौलत लहानपणी कसा होता, दीक्षेला जाताना ट्रकमध्ये कसा गात होता, पहिल्या पगाराला त्यानं तिला कसलं लुगडं आणलं. मध्येच ती विचारायची, "कयून राह्यलं ना साहेब?" आणि साहेब म्हणायचे, "कळून राह्यलं." तो उच्चार इतका वाकडा असायचा की म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची. वही तीच होती. फक्त मधली रेघ त्यांनी मारणं सोडलं होतं, आणि 'अशुद्ध' हा मथळाही. म्हातारी गेली त्या वर्षी वही भरली. नवी त्यांनी घेतली नाही.

साहेब निवृत्त झाले. निरोपाला हार, पेढे, एक नवी छत्री. दुसऱ्या दिवशी सकाळी धामणगावच्या गाडीनं ते निघाले, तिथून पुढे रेल्वे. गाडीवर गफूरभाईच होते. साहेबांनी ट्रंक चढवली, सवयीनं पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवला, गफूरभाईंकडे पाहून मान हलवली आणि खिडकीशी येऊन बसले. मी खाली उभा होतो. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"साहेब," मी म्हणालो, "त्या दिवशी मी राह्यली म्हणालो नव्हतो. मी राहिली म्हणालो होतो. तुमचे कान चुकले नव्हते."

पाच वर्षं घशात अडकलेलं एवढंसंच होतं.

ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक आहे मला. मी नीट ऐकलं होतं."

"मग तुम्ही चौकशीत..."

"ती गोष्ट वेगळी. तुम्हाला तो उच्चार कुणी शिकवला होता?" त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "खरं सांगू? मला त्या संध्याकाळी शंका आली होती. एवढ्या पावसात गाडी वेळेवर कशी पोहोचली? विचारणारच होतो, आली की येते? पण तुम्ही 'राहिली' पहिल्यांदाच माझ्यासमोर इतकं शुद्ध म्हणाला होतात. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आता पुन्हा विचारलं तर यांना वाटेल, आपलं काहीतरी चुकलं. म्हणून नाही विचारलं."

कंडक्टरनं घंटी दिली. गफूरभाईंनी गाडी सुरू केली. साहेबांनी गजावरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला, बॉनेटवर ठेवायचे तसाच थोडा वेळ.

"येतो," ते म्हणाले. मग मान हलवून, आपलं वाकडं वऱ्हाडी काढून म्हणाले, "जाऊन राह्यलो."

गाडी फाटकाबाहेर पडली. मी रस्त्यापर्यंत गेलो. सरळ रस्ता आहे तिथं, लांबपर्यंत. धुरळ्यात ती बराच वेळ दिसून राह्यली होती. वळणावर कडुनिंब आहे, त्याच्या पलीकडे ती गेली तरी मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग ऑफिसात आलो, वही उघडली आणि धामणगावच्या गाडीपुढे लिहिलं, 'गेली.'